हॉल-बेडरूमला इंजिनीअर्ड वूड की बांबू? प्लीज लवकर सांगा

पार्लेकरीण: हॉल आणि दोन बेडरूमना लाकडी फ्लोअरिंग करायचंय. काँट्रॅक्टर म्हणतो ओकचं इंजिनीअर्ड (खाली प्लाय, वर खऱ्या लाकडाचा थर) घ्या, नवऱ्याला बांबू हवाय, दुकानवाले आपापलाच माल खपवतात. परवापर्यंत ऑर्डर नाही दिली तर सुतार दुसऱ्या साइटवर जाणार आणि मग गणपती झाल्यावरच उगवणार. नेटवर सगळं परदेशातलं, तिकडे हीटरने लाकूड सुकतं म्हणून तक्रारी, आपलं बरोब्बर उलटं. मुंबईच्या पावसाळ्यात यातलं काय टिकतं एवढंच सांगा.

सुतारपक्षी: कितवा मजला? खाली लादी आहे की कोबा? इंजिनीअर्डमध्ये वरचा खऱ्या लाकडाचा थर किती मिलिमीटरचा, ते विचारलंत का? दोनचा असेल तर पुढे घासून पॉलिश करायला फारसं काही उरत नाही, चार असेल तर करता येतं.

मंदार_दादर: डोळे मिटून बांबू घ्या, पण स्ट्रँड वोव्हनच, म्हणजे तंतू रेझिनमध्ये दाबून केलेला. जान्का हार्डनेस, म्हणजे लाकडाच्या कडकपणाचा आकडा बघा, रेड ओक 1300च्या आसपास, हा 3000च्या घरात. आमच्याकडे पोरं दिवसभर खुर्च्या ओढतात, ओरखडे नाहीत. तो कॅरॅमल रंगाचा मात्र नको, वाफवून गडद करतात त्यात तो नरम पडतो.

चारकोपकर: मंदार, कडकपणाचा आणि पाण्याचा काय संबंध? बांबू शेवटी गवतच. माझ्या बहिणीकडे जुलैत बाल्कनीच्या दाराशी पट्ट्या अशा वर आल्या की दार उघडेना.

मंदार_दादर: भिंतीपाशी गॅप ठेवली होती का ते विचार आधी बहिणीला. दहा मिलिमीटर तरी लागते, स्कर्टिंगखाली लपते. ती नसेल तर ओक असता तरी फुगलाच असता.

चारकोपकर: सुताराने काय केलं ते तिला कसं कळणार? म्हणून तर म्हणतो एसपीसी (दगडाची भुकटी आणि प्लास्टिकच्या पट्ट्या) टाका, पाण्याने फुगत नाही, विषय संपला.

पार्लेकरीण: एसपीसी नकोय हो, खरं लाकूड हवंय. दोघांतलं एक सांगा ना.

सावंतवाडीकर: बांबू घेताय याचा आनंद आहे. 2017 साली वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनक्षेत्राबाहेरचा बांबू झाडाच्या व्याख्येतून काढला, तेव्हापासून शेतकऱ्याला तोडणं-विकणं सोपं झालं. आमच्याकडे माणग्याची बेटंच्या बेटं आहेत. फ्लोअरिंगचा बांबू मात्र बहुतेक बाहेरून येतो, कुठला ते विचारा.

नलूताई: घरात वयस्कर कोणी असेल तर बाथरूमला अँटीस्किड टाइल्स आत्ताच लावून घ्या गं, नंतर फोडाफोड नको.

सुतारपक्षी: मजला सांगितलाच नाहीत अजून.

पार्लेकरीण: तळमजला, जुनी बिल्डिंग, खाली मोझेक लादी. त्यावरच बसवणार, काँट्रॅक्टर म्हणाला चालतं.

सुतारपक्षी: अहो ताई, मग ओक की बांबू हा प्रश्न नंतरचा! आधी जमिनीतून ओल येते का ते बघा. दोन फुटी प्लास्टिकचे तुकडे घ्या, लादीचे सांधे आत येतील असे ठेवा, चारी बाजूंनी टेप मारा, प्रत्येक खोलीत एक. चोवीस तास हात लावू नका. आणि दार बघा, चौदा मिलिमीटरची पट्टी अधिक फोम म्हणजे खालून तासावंच लागेल.

पार्लेकरीण: केलं. हॉल आणि छोटी बेडरूम कोरडी. मोठ्या बेडरूमला बाहेरच्या भिंतीकडे प्लास्टिकच्या आतून थेंब धरलेत, सांधे काळे पडलेत. त्याच भिंतीला मागच्या वर्षी पोपडे आले होते, ते खरवडून रंग मारलाय. आता?

सुतारपक्षी: त्या खोलीत सध्या दोन्ही नको. आधी ओल कुठून येते ते शोधा, बाहेरचा पाइप, गटार, प्लिंथ (जोतं) सगळं बघा. हॉलला दोन्हीपैकी काहीही चालेल, पण खाली 200 मायक्रॉनचं प्लास्टिक, जोड टेपने बंद, वर फोम. आणि खोके आल्या आल्या बसवू देऊ नका, दोन-तीन दिवस त्याच खोलीत आडवे पडू देत, हवा घेऊ देत.

चारकोपकर: मोठ्या बेडरूमला एसपीसी?

मंदार_दादर: आणि खालची ओल? एसपीसी फुगणार नाही, पण खाली बुरशी धरेल, वास येईल. आधी ओल काढा.

पार्लेकरीण: सुताराला दुसऱ्या साइटवर जाऊ दिलं. सोसायटीच्या सेक्रेटरींना घेऊन मागच्या बाजूला गेले तर आमच्या भिंतीलगतच्या ड्रेनेज पाइपचा जोड सुटलाय, पाणी थेट भिंतीच्या पायाशी मुरतंय. उद्या प्लंबर येतोय. हॉलला बांबू नक्की, पण पाऊस संपल्यावर.

ठाणेकर_नवीन: ताई, ओकचा भाव काय सांगितला होता स्क्वेअर फुटाला? मजुरी धरून का?