आंबोली: पावसाळी शनिवार-रविवारी गाड्यांवर मर्यादा हवी की नको?

सडाफिरस्ता
जुलै-ऑगस्टमधल्या रविवारी आंबोलीचा मुख्य धबधबा ज्यांनी पाहिला असेल त्यांना वेगळं सांगायला नको. पायऱ्यांवर पाय ठेवायला जागा नाही, घाटात दोन्ही बाजूंना गाड्या लावलेल्या, डिक्या उघडून गाणी सुरू आणि या सगळ्यात सावंतवाडीला निघालेली एसटी अडकलेली. कणसाची बुरकुंडं आणि वेफर्सची पाकिटं सरळ दरीत. माकडं तर आता गाडीच्या खिडकीतूनच हात घालतात, कारण आपणच त्यांना बिस्किटांची चटक लावली.

माझं मत स्पष्ट आहे. उटी ज्या नीलगिरी जिल्ह्यात आहे तिथल्यासारखी मर्यादा घाला. मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशावरून मे 2024 पासून उटी-कोडाईकनालला ई-पास लागतो. 2025 च्या उन्हाळ्यात तर नीलगिरीत इतर दिवशी 6000 आणि शनिवार-रविवारी 8000 गाड्या, असा आकडाच ठरवून दिला. माथेरानला गाडी दस्तुरी नाक्यावर सोडून पुढे चालत जातात लोक, काही बिघडत नाही. मग आंबोलीलाच का नको?

घाटमाथेकर
नको, कारण आंबोलीचा घाट म्हणजे उटीचा रस्ता नव्हे. बेळगावची भाजी याच घाटाने खाली उतरते. आमच्या तालुक्यातला पेशंट गोव्यात बांबोळीच्या इस्पितळात न्यायचा तर हाच रस्ता. लग्नं, बारशी, बाराव्याचे पाहुणे, सगळं इथूनच. तुमचा ई-पास आला की घाटाखाली दाणोलीत नाका बसणार आणि रांगेत पर्यटकाबरोबर आम्हीही भिजत उभे राहणार.

दुसरं म्हणजे आमचा सीझन अडीच महिन्यांचा. त्यात चहा-भजी, मक्याची कणसं, एखादी खोली भाड्याने, यावर घर चालतं. कबुलायतदार गावकर जमिनीचा घोळ तुम्हाला ठाऊक आहे का? आंबोली, गेळे, चौकूळ या गावांत पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणाऱ्या कित्येकांच्या सातबारावर स्वतःचं नाव नाही. नाव नाही म्हणून बँक कर्ज देत नाही, कर्ज नाही म्हणून धड होमस्टे उभा राहत नाही. बाहेरच्या पैसेवाल्याचं रिसॉर्ट मात्र झोकात उभं. मर्यादा घातलीत की टपरीवाला मरणार, रिसॉर्टवाल्याची बुकिंगं आधीच झालेली असणार.

सडाफिरस्ता
स्थानिकांच्या गाड्या, शेतमालाच्या गाड्या आणि सरकारी बस नीलगिरीतही मर्यादेतून वगळल्या आहेत हो. नाक्याची भीती घालू नका.

घाटमाथेकर
कागदावर वगळलेलं आणि भर पावसात नाक्यावरच्या पोलिसाने सोडलेलं यात फरक असतो.

बेडूकराव
दोघेही दिवसाचं बोलताय. आंबोलीचं खरं नुकसान रात्री होतं.

झॅन्थोफ्रायनी टायग्रिना, म्हणजे ज्याला सगळे आंबोली टोड म्हणतात, तो 2009 साली शास्त्रीयदृष्ट्या नोंदला गेला. अंगावर वाघासारखे पिवळट पट्टे. जगात फक्त या टापूत सापडतो आणि अतिसंकटग्रस्त यादीत आहे. पहिल्या पावसात सड्यावरच्या, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या पठारावरच्या, खडकात जी उथळ डबकी साचतात, त्यांतच त्याची वीण होते. तळहाताएवढं डबकं असतं, पण त्यात एका पिढीची अंडी असतात. त्यावरून कोणी 'ऑफ-रोडिंग' म्हणून जीप फिरवली की खेळ संपला. आणि पावसाळी रात्री रस्त्यावर आलेले बेडूक, विंचू, साप गाड्यांखाली चिरडतात ते वेगळंच. सकाळी रस्ता बघा एकदा. म्हणून माझी मागणी छोटी आहे: सड्यांवर वाहन पूर्ण बंद आणि रात्री गावाच्या आसपास वेग कमी. दिवसा धबधब्यावर किती लोक नाचतात याने टोडला फरक पडत नाही.

उगाच_भटकंती
बेडूकराव, राग मानू नका, पण रात्री सड्यावर कोण येतं ते सांगा की. भजी खाणारं कुटुंब येत नाही. हेडलॅम्प लावलेले, लाखाची लेन्स घेतलेले तुमचेच निसर्गप्रेमी येतात. चापडा, म्हणजे तो विषारी साप, नीट दिसत नाही म्हणून काठीने उचलून 'चांगल्या' फांदीवर बसवणारे मी पाहिलेत. बेडकाच्या डोळ्यांत चार-चार फ्लॅश. डबकी बुटांनी तुडवायची आणि परत गेल्यावर कॅप्शन टाकायचं, 'निसर्ग वाचवा'. सगळा दोष दारूड्यांवर ढकलणं सोपं आहे. जबाबदार पर्यटक म्हणवणाऱ्यांची तपासणी कोण करणार?

बेडूकराव
मान्य. स्थानिक वाटाड्याशिवाय रात्रीची फेरी नको आणि गटात पाच-सहाच माणसं, असा नियम हवाच. प्राण्याला हात लावला की फेरी तिथेच बंद. आंबोलीत जाणती मुलं आहेत, त्यांना रोजगारही मिळेल.

गडहिंग्लजचा_गडी
सगळे कोकणाच्या बाजूनेच बघताय. आंबोलीत उगम पावणारी हिरण्यकेशी पूर्वेला वाहते. आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करत घटप्रभेला मिळते. तुम्ही उगमाजवळ काय टाकता ते आमच्याकडे येतं.

उगमाच्या महादेव मंदिराच्या कुंडात शिस्टुरा हिरण्यकेशी हा छोटा मासा 2020 मध्ये नव्याने नोंदला गेला आणि 2021 मध्ये सरकारने त्या जागेला जैविक वारसा स्थळ जाहीर केलं. सगळी मिळून सव्वादोन हेक्टरही जागा नाही, म्हणजे एखाद्या बऱ्या शेतकऱ्याच्या रानाएवढी. तिथेही लोक साबण लावून हात-पाय धुतात, निर्माल्य सोडतात. देवाला यायचं तर या, पण साबण घरी ठेवून या. याला ना ई-पास लागतो ना नाका. एक माणूस उभा करा, बास.

पुणेरी_पाऊस
मर्यादेच्या बाजूने एक मुद्दा राहिला, जिवाचा. 2017 चा आंबोलीच्या कावळेसाद कड्यावरचा व्हिडिओ आठवा, रेलिंग ओलांडून दरीत गेलेले दोन तरुण. 30 जून 2024 ला लोणावळ्यात भुशी धरणाच्या वर एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले, त्यानंतर पुणे जिल्ह्यात धबधब्यांवर बंदीचे आदेश निघाले. बंदी येते ती अशी, माणसं गेल्यावर आणि सरसकट. त्यापेक्षा आधीच मोजून सोडलेली बरी.

उगाच_भटकंती
रेलिंग ओलांडणाऱ्याला पास असला काय, नसला काय. त्यासाठी कावळेसादला दारूची बाटली तपासा.

सडाफिरस्ता
चर्चेवरून माझी मागणी थोडी बदलतो. घाट सगळ्यांना खुला राहू दे, पण धबधब्यापाशी एकही खाजगी गाडी थांबता कामा नये. खाली दाणोलीला आणि वर आंबोली गावात वाहनतळ, मध्ये एसटीच्या फेऱ्या. तळ भरला की पाटी पालटायची. तिकिटाच्या पैशातून सफाई आणि वाटाडे. आकडा तळाच्या जागेवरून आपोआप ठरेल. ज्याला गर्दी नको त्याने मंगळवारी यावं, पाऊस मंगळवारीही पडतोच.

घाटमाथेकर
आता जरा माणसात आलात! एसटीची कल्पना चांगली आहे. वरचा तळ गावात असेल तर आमच्या टपऱ्यांपुढून माणूस चालत तरी जाईल, आत्ता काच वर करून थेट धबधब्यालाच जातो.

पण पावती कोण फाडणार? वन खातं, ग्रामपंचायत, बांधकाम खातं की कोणी मुंबईचा ठेकेदार? यातला प्रत्येक जण म्हणेल जागा माझी. ज्या गावाला स्वतःच्या जमिनीचा सातबारा मिळत नाही, त्याच्या हातात पार्किंगचं पावतीपुस्तक कोण देणार, तेवढं सांगा.