शब्दचर्चा: ट्रेड केलेला खेळाडू 'वसूल' होतो, 'परवडतो' की 'लाभतो'?

केन्सवाला:
मंडळी एक शब्द अडलाय, खरं तर दोन. आम्ही नॉर्थ कॅरोलायनात कॅरीला राहतो, घरातली दोन्ही पोरं बर्फावरच्या हॉकीची वेडी आणि टीम अर्थातच कॅरोलायना हरिकेन्स, म्हणजे इथल्या भाषेत केन्स. तर जानेवारी २०२५ मध्ये केन्सनी कोलोरॅडोकडून मिक्को रांटानेन हा फॉरवर्ड ट्रेड करून आणला. फिनलंडचा धिप्पाड गडी, २०२२ ला कोलोरॅडोबरोबर स्टॅनली कप, म्हणजे इथल्या लीगचा सगळ्यात मोठा चषक, जिंकलेला, एका सीझनला ५५ गोल मारलेला. त्याच्या बदल्यात मार्टिन नेचास आणि जॅक ड्र्युरी हे दोन खेळाडू गेले आणि वर दोन ड्राफ्ट पिक, म्हणजे पुढच्या नव्या पोरांच्या निवडीतले हक्क. आणि मार्चमध्ये, जेमतेम १३ मॅच खेळल्यावर, हाच माणूस डॅलसला देऊन टाकला. १३ मॅचमध्ये गोल किती, तर २.
परवा पुण्याला आईशी व्हिडिओ कॉल चालू होता आणि मोठा मागून ओरडला, "आजी, ही वॉज नॉट वर्थ इट!" आईनं विचारलं काय म्हणतोय रे हा. मी सांगितलं, पैसे वसूल झाले नाहीत म्हणतोय. तर आई म्हणते, मग त्याला देऊन टाकला तेव्हा बदल्यात काय आलं? आता आलं तसं बरंच, लोगन स्टॅनकोव्हन नावाचा तरणा फॉरवर्ड, शिवाय पहिल्या राउंडचे दोन पिक आणि तिसऱ्याचे दोन. आई म्हणाली म्हणजे वसूल झाला की! मी गप्प. तर प्रश्न असा, या वर्थ इटला मराठीत नेमकं काय म्हणायचं? आणि ट्रेडला पण काय म्हणायचं ते सांगा, कारण मी "विकला" म्हटलं की आई म्हणते माणसं विकतात का कुठं.

शब्दखोर:
ट्रेड = अदलाबदल. सोपं आहे, उगाच डोकं खाजवू नका. २००९ मध्ये मुंबई इंडियन्सनी रॉबिन उथप्पा बंगलोरला दिला आणि आपला श्रीरामपूरचा झहीर खान घेतला, ती अदलाबदलच होती, माणसाला माणूस.

अवांतरराव:
काका, माणसाला माणूस असेल तरच अदलाबदल ना? २०२३ ला हार्दिक पांड्या गुजरातकडून मुंबईत आला तेव्हा बदल्यात कोण गेलं? नुसते पैसे. तिथं अदलाबदल कुठली आली, तो सौदा. आणि हॉकीत तर माणूस देऊन कागद घेतात, २०२६ चा पिक, २०२८ चा पिक, म्हणजे अजून शाळेत असलेल्या कुठल्या तरी पोरावरचा हक्क. याला हुंडी म्हणा फार तर.

शब्दखोर:
हुंडी नाही चालणार, हुंडीवर आकडा लिहिलेला असतो. पिकवर काहीच लिहिलेलं नसतं, टीम हरली तर पिक वरचा, जिंकली तर खालचा. हे म्हणजे मोहर बघून आंब्याची बाग घेण्यासारखं, पुढे थ्रिप्स पडेल की पेट्या भरतील ते देवाला ठाऊक.

सरकारी_जावई:
मी ३१ वर्षं नोकरी केली त्या अनुभवावरून सांगतो, ट्रेडला खरा शब्द एकच, बदली. सकाळी उठायचं आणि वरून ऑर्डर आलेली असते, उद्यापासून तुम्ही गडचिरोली. या खेळाडूंचंही तसंच, करारात नो-मूव्हचं कलम नसेल तर कोण विचारतोय त्यांना? ८ वर्षांपूर्वी घेतलेलं घर, पोरांची शाळा, सगळं तिथंच आणि हा बॅग घेऊन विमानात.

खडकीचा_पोर:
बदली म्हणू नका साहेब, घोळ होईल. पेपरात "बदली खेळाडू" म्हणजे सबस्टिट्यूट, तो मैदानाबाहेर बाकावर बसलेला असतो. आमच्या खडकीत हॉकी म्हणजे मातीवरची, धनराज पिल्ले इथलाच, त्याला कुणी बदली म्हटलं असतं तर स्टिक घेऊन मागं लागला असता 😄
बाय द वे फॉरवर्डला मराठी पेपर आघाडीपटू लिहितात. "नव्या आघाडीपटूची कामगिरी निराशाजनक" असं हेडिंग वाचलं की मला आधी विधानसभाच आठवते.

नगरची_सुमनताई:
साटंलोटं कुणालाच आठवलं नाही का? आमच्याकडे साट्यानं लग्न लागायचं, तुमची मुलगी आमच्याकडं, आमची तुमच्याकडं, हुंड्याचा प्रश्न मिटला. माझ्या दोन मावश्या अशा साट्यातल्या. एकीचं बिनसलं की दुसरीच्या घरी पण भांडी आपटायला लागायची. आता पेपरवाल्यांनी त्याचा अर्थ नासवला, साटंलोटं म्हणजे पुढारी आणि ठेकेदार असंच झालंय, पण मूळ अर्थ देवाणघेवाणीचाच.

केन्सवाला:
ताई हे भारीये! कारण जानेवारीतला ट्रेड तीन टीमचा होता, शिकागोने टेलर हॉल आम्हाला दिला आणि रांटानेनच्या पगाराचा निम्मा भार स्वतःवर घेतला. म्हणजे तीन घरांचं साटं, आणि तिसऱ्या घरानं लग्नाचा अर्धा खर्च केला.

अवांतरराव:
आणि नवरी १३ मॅचनी माहेरी न जाता तिसऱ्याच गावी गेली. तेरा मॅच आणि तेरावं, योगायोग बघा.

नगरची_सुमनताई:
अवांतरराव, तोंडाला आवर घाला जरा.

डॅलसकर:
मी उशिरा आलो पण हा विषय माझाच आहे. वर्थ इटला मराठीत वसूल म्हणतात आणि रांटानेन एका रात्रीत वसूल झाला, विषय संपला. ३ मे २०२५, प्लेऑफच्या (म्हणजे कपासाठीच्या बाद फेरीच्या) पहिल्या राउंडची सातवी मॅच, समोर कोण तर त्याचीच जुनी टीम कोलोरॅडो. आम्ही ०-२ नी मागं, आमचा हेस्कानेन जखमी, रॉबर्टसन जखमी, शेवटचा पिरियड चालू, आणि या पठ्ठ्यानं एकट्यानं तीन गोल मारले, मॅच ४-२. मी सोफ्यावरून पडलो, खालच्या मजल्यावरचा माणूस वर बघायला आला. पुढच्या राउंडला विनिपेगशी पहिल्याच मॅचला परत हॅटट्रिक. अजून काय पाहिजे?

केन्सवाला:
भाऊ आनंद आहे, पण त्याच्याशी तुम्ही ८ वर्षांचा ९६ मिलियन डॉलरचा करार केलाय, वर्षाला १२. आणि त्या वर्षी कप कुठंय? सेमीफायनलला एडमंटननी पाच मॅचमध्ये घरी पाठवलं.

डॅलसकर:
तुम्हाला पण फ्लोरिडा पँथर्सनी पाचातच पाठवलं की, स्टॅनकोव्हनसकट.

केन्सवाला:
मान्य. पण स्टॅनकोव्हनचे आमच्यासाठीच्या पहिल्याच प्लेऑफ मॅचला दोन गोल होते, न्यू जर्सीविरुद्ध. बुटका आहे, पाच फूट आठ इंच, पण कोपऱ्यात घुसून पक (बर्फावरच्या हॉकीतली चकती) काढून आणतो. आणि ६ मिलियनमध्ये ८ वर्षं राहतोय, म्हणजे रांटानेनच्या बरोब्बर निम्म्यात.

शब्दखोर:
भांडा, पण शब्दावर भांडा. वसूल हा मूळचा अरबी, फारसीतून आपल्याकडे आला आणि महसुलात रुजला. वसूल म्हणजे जे येणं होतं ते हातात आलं, म्हणजे आधी येणं किती हे ठरलेलं हवं. सावकाराचा शब्द आहे तो. सिनेमाचं तिकीट ३०० चं, तीन तास हसलो, पैसा वसूल, ठीक. पण ८ वर्षांच्या कराराला दुसऱ्या महिन्यात वसूल म्हणणारा डॅलसकर हा पहिला हप्ता आल्यावर खातं बंद करणारा सावकार झाला.

डॅलसकर:
मग परवडला म्हणा.

शब्दखोर:
परवडणं हे घेणाऱ्याच्या ऐपतीचं, वस्तूच्या गुणाचं नाही. "मर्सिडीज परवडत नाही" म्हणजे मर्सिडीज वाईट असं थोडंच? रांटानेन केन्सना परवडत होता, त्यांनी पैसे पुढे केलेच होते म्हणतात, त्यालाच तिथं मुक्काम करायचा नव्हता.

सरकारी_जावई:
मग सीझन संपेपर्यंत ठेवायचा होता, घाई काय होती?

केन्सवाला:
काका, आमचं तोंड आधी पोळलेलं होतं. २०२४ च्या मार्चमध्ये पिट्सबर्गकडून जेक गेन्ट्झल आणला, चांगला खेळला, उन्हाळ्यात टँपाला निघून गेला, सात वर्षांच्या करारावर. बदल्यात आम्हाला काय, तर तिसऱ्या राउंडचा एक पिक. म्हणून यावेळी ताक फुंकून प्यायले. अशा सीझनपुरत्या खेळाडूला इकडं रेंटल म्हणतात, त्याला मराठीत काय म्हणावं? भाडोत्री म्हटलं की शिवी होते.

नगरची_सुमनताई:
पाहुणा म्हणा. गोडधोड करा, पण कपाटातला खण रिकामा करून देऊ नका.

माणदेशी:
एवढं सगळं वाचलं, आता बोलतो. मी सांगोल्याच्या बाजारात वडिलांबरोबर जनावरं घ्यायला लहानपणापासून गेलोय. तिथं दलाल रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात, आजूबाजूच्याला आकडा कळत नाही. दात बघायचे, चाल बघायची, खोड विचारायची, ती कुणी खरी सांगत नाही. तर म्हैस घरी आणल्यावर सहा महिन्यांनी शेजारी काय विचारतो? "वसूल झाली का" नाही विचारत. "लाभली का" विचारतो. तीच म्हैस एकाच्या गोठ्यात दहा लिटर देते आणि दुसऱ्याच्या गोठ्यात लाथा झाडते, चारा तोच, पाणी तेच. म्हशीत खोट नसते, मालकात पण नसते, दोघांचं जमत नाही एवढंच. याला लाभणं म्हणतात, घर लाभतं, गाडी लाभते, सून पण लाभते. तुमचा तो रांटानेन केन्सला लाभला नाही, डॅलसला लाभला. मला हॉकीतलं काही कळत नाही, चुकलं असलं तर सांगा.

खडकीचा_पोर:
दादा, हॉकी कळत नाही म्हणता आणि गोल मारून गेला तुम्ही.

शब्दखोर:
माणदेशी यांच्याशी सहमत, आणि गंमत अशी की लाभला नाही तरी वसूल होऊ शकतो, केन्सवाल्याच्या आईंचा मुद्दा हाच होता. म्हैस लाभली नाही पण आणली त्या भावात बाजारात परत गेली आणि वर एक कालवड मिळाली. उलट डॅलसला लाभला हे दिसतंय, वसूल होतोय का ते २०३३ पर्यंत बघत बसावं लागेल. आणि कोलोरॅडोला? त्यांना दिलेला माणूस समोर उभा राहून तीन गोल मारून गेला.

अवांतरराव:
नडला!

सरकारी_जावई:
हां, नडला हा शब्द बरोबर. आमच्या ऑफिसात एका साहेबांनी एका क्लार्कची लांब बदली करून टाकली, तो तिथून परीक्षा देऊन ऑडिटला लागला आणि तीन वर्षांनी त्याच साहेबांची फाइल तपासायला आला.

डॅलसकर:
😂😂 काका ही गोष्ट वेगळा धागा काढून सांगा. पण कोलोरॅडोचा व्यवहार आतबट्ट्याचा म्हणता येईल का? नेचास चांगला खेळतो हो, मला आवडतो.

शब्दखोर:
नाही म्हणता येणार. बट्टा म्हणजे नाणं मोडताना कापला जाणारा भाग, आतबट्ट्याचा म्हणजे हिशोबातच तोटा. नेचास हे चांगलं नाणं आहे, हिशोबात तोटा नाही. पण ३ मे ची रात्र हिशोबाच्या वहीत बसत नाही ना, म्हणून नडला.

नगरची_सुमनताई:
आणि त्या मुलाचं काय? रांटानेनचं? दहा वर्षं एका घरात, मग ध्यानीमनी नसताना उचलला, दीड महिन्यात परत उचलला. त्याच्या बाजूनं बघितलं तर "चीज झालं" म्हणायला पाहिजे, मेहनतीचं चीज झालं. तुम्ही सगळे मालकाच्या बाजूनं शब्द शोधताय.

केन्सवाला:
ताई हे खरंय, माझ्या डोक्यात पण नाही आलं. बरं, शेवटचा प्रश्न. फेब्रुवारीत मोठ्याला वाढदिवसाला रांटानेनची जर्सी घेतली, केन्सची लाल, ९६ नंबर, पूर्ण किमतीला. महिनाभरात तो गेला. पोरगं आता ती घालत नाही. हिला काय म्हणू, वसूल नाही, परवडली नाही, की लाभली नाही?

डॅलसकर:
आमच्याकडे पण त्याचा नंबर ९६ च आहे, आणि करार पण ९६ चाच. पाठवून द्या, हिरवा रंग मारून घेतो.

केन्सवाला:
आत्ता आईला हे सगळं वाचून दाखवलं. ती म्हणते कुणाला पाठवू नकोस, कापड जाड दिसतंय, डिसेंबरात मी येईन तेव्हा तुमच्या त्या थंडीत मला घरात घालायला होईल.