जुलैची योसेमिटी सहल: फराळाचे डबे, लॉकर आणि अस्वलं

प्रेषक: शिल्पा (सहल समिती)

मंडळी, नमस्कार.

योसेमिटी व्हॅलीतल्या अप्पर पाइन्स कॅम्पग्राउंडवर आपल्याला तंबूसाठी चार साईट मिळाल्या आहेत. एका साईटवर सहाच माणसं, म्हणजे एकूण २४. पंचविसावं नाव घेऊन कृपया कोणी मला फोन करू नये.

शुक्रवारी रात्री मसालेभात, शनिवारी सकाळी पोहे, दुपारी थालीपीठं, रात्री पिठलं-भात. शिवाय प्रत्येक घरातून फराळाचा एक डबा. प्रश्न एवढाच आहे की गेल्या वर्षी टाहोला दोन घरांनी डबे रात्रभर ट्रंकमध्ये ठेवले, "कुलूप लावलंय की" म्हणून. तेव्हा निभावलं. योसेमिटीत हे चालेल का? ज्यांना नक्की माहीत आहे त्यांनीच लिहा. व्हॉट्सॲपवरचे व्हिडिओ नकोत.

शिल्पा

---

प्रेषक: ओंकार

शिल्पाताई, एवढं काही घाबरायला नको. आठ वर्षं सिएराच्या डोंगरांत फिरतोय, मला अस्वल दिसलंय ते फक्त कॅलिफोर्नियाच्या झेंड्यावर. तरी हाफ डोमच्या डोंगरावर जाणाऱ्या आमच्या पाच जणांसाठी बेअर स्प्रेचे, म्हणजे अस्वलावर मारायच्या तिखट फवाऱ्याचे, दोन डबे मागवलेत. लिटल योसेमिटी व्हॅलीत एक रात्र मुक्काम आहे, तिथे खाणं दोरीने झाडाला टांगू. हरिश्चंद्रगडावर माकडांपासून पिशव्या अशाच वाचवायचो.

ओंकार

---

प्रेषक: नाना

चि. ओंकार आणि सर्व,

झेंड्यावरचं अस्वल ग्रिझली आहे, आणि ते या राज्यातून १९२० च्या दशकातच संपलं. आता आहेत ती काळी अस्वलं. काळी म्हणायची, पण योसेमिटीतली बरीचशी तपकिरीच दिसतात. तेव्हा तपकिरी अस्वल दिसलं म्हणून "ग्रिझली, ग्रिझली" असा गलका करू नका.

आता माझी गोष्ट. मंडळातल्या जुन्या लोकांनी ती इतक्यांदा ऐकली आहे की त्यांनी हा परिच्छेद सोडून द्यावा. १९९८ च्या ऑगस्टमध्ये आम्ही तिघं व्हॅलीत तंबू ठोकून होतो. जेवणाचं सगळं सामान हिने लॉकरमध्ये, म्हणजे अस्वलाला उघडता न येणाऱ्या लोखंडी पेटीत, ठेवलं. बेसनाच्या लाडवांचा डबा मात्र मी ट्रंकमध्ये, ब्लँकेटखाली ठेवला, कारण लॉकर दूर होता आणि मला झोपण्यापूर्वी एक लाडू लागतो. पहाटे बाहेर आलो तर मागच्या दाराची वरची चौकट केळ्याचं साल सोलावं तशी खाली वाकवलेली. काच चुरा. मागची सीट फाडून अस्वल आतूनच ट्रंकपर्यंत पोचलेलं. डबा चेपलेला आणि चाटूनपुसून स्वच्छ. मुलाच्या कारसीटचं कापडही फाडलं होतं, त्यात बिस्किटांचा चुरा अडकलेला असायचा. हिने त्या दिवशी मला एक शब्दही सुनावला नाही. त्यापेक्षा सुनावलं असतं तर बरं.

त्या एका वर्षात योसेमिटीत अशा दीड हजारांहून जास्त घटना नोंदल्या गेल्या आणि नुकसान साडेसहा लाख डॉलरच्या वर गेलं. म्हणजे माझी गाडी काही विशेष नव्हती. त्यानंतर जागोजागी लॉकर बसवले, रात्रीची गस्त वाढवली, येणाऱ्या प्रत्येकाच्या कानीकपाळी ओरडणं सुरू केलं, आणि आकडा नव्वद टक्क्यांहून जास्त खाली आला. ओंकारला आठ वर्षांत अस्वल दिसलं नाही याचं श्रेय अस्वलाच्या लाजाळूपणाला कमी आणि त्या लोखंडी पेट्यांना जास्त आहे.

लाजाळू म्हणशील तर, १९४० पर्यंत याच व्हॅलीत कचऱ्याच्या ढिगावर दिवे लावून, बाकांवर बसून, लोक अस्वलांचं जेवण बघत असत. माणसाचं खाणं म्हणजे काय हे त्यांना आपणच शिकवलं, आणि एकदा चव लागली की आई पिल्लांना शिकवते. अशी धीट झालेली अस्वलं पुढे तंबूत शिरायला लागतात आणि मग त्यांना मारावं लागतं. योसेमिटीत काळ्या अस्वलाने माणूस मारल्याची एकही नोंद नाही. उलट बाजूचा हिशोब मोठा आहे. माझ्या लाडवांवर वाढलेल्या त्या अस्वलाचं पुढे काय झालं ते मी तेव्हा विचारलं नाही, आणि नंतर विचारायचा धीर झाला नाही.

शिल्पा, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही चालणार. अंधार पडल्यावर गाडीत खाण्याची कुठलीही वस्तू ठेवायची नाही, दंड पाच हजार डॉलरपर्यंत होऊ शकतो. "खाण्याची वस्तू" यात टूथपेस्ट, साबण, सनस्क्रीन, बाळाचे वाइप्स, रिकामा कूलरसुद्धा आला. आपल्याकडे त्यात खोबरेल तेल आणि हिंगाची डबी धरा. मिनीव्हॅनवाल्यांनी तर आदल्या दिवशी सीटा काढून झाडलोट करावी. अस्वलांना मिनीव्हॅन फोडायला विशेष आवडतात असं तिथल्या संशोधकांनीच दाखवलंय, आणि आपल्या पार्किंगमध्ये दुसरं काय असतं?

ओंकार, बेअर स्प्रे योसेमिटीत बाळगायला बंदी आहे. परत पाठव. दोरीचं तर विसरच. तिथली अस्वलं दोर कुरतडतात, बारीक फांदीवर पिल्लाला पाठवतात. खाणं टांगणं हेही नियमाबाहेर आहे. जंगलात मुक्काम म्हणजे कॅनिस्टर, म्हणजे अस्वलाला उघडता न येणारा खाण्याचा डबा, लागणारच. परमिट घेताना तिथेच भाड्याने मिळतो. रात्री तो तंबूपासून लांब, सपाट जागी ठेवायचा. उतारावर किंवा नदीकाठी ठेवलात तर अस्वल त्याला ढकलत नेईल आणि तुम्ही सकाळी उपाशी.

नाना

---

प्रेषक: वैशाली

नानाकाका, तुमची गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकली. मुलगा आता मला कारसीट पुसू देत नाहीये, त्याला अस्वल यायला हवंय!

मी मूळची गडचिरोलीकडची, म्हणून एक सांगते. आमच्याकडचं अस्वल आणि हे अस्वल यांत फार फरक आहे. आमच्याकडे चैत्राच्या सुमारास मोहफुलं गळतात, बायका पहाटे अंधारातच वेचायला जातात, आणि अस्वलालाही तीच फुलं हवी असतात. त्याचं नाक मुळात वारूळ शोधायचं, नजर तशी अधू. माणूस एकदम जवळ आला की बिचकून अंगावर येतं, आणि बहुतेक वेळा चेहऱ्यावर. म्हणून आजी रानात शिरताना खाकरायची, उगाच मोठ्याने बोलायची. तिकडे माणूस अस्वलाच्या ताटाजवळ जातो, इकडे अस्वल माणसाच्या. माझ्या डोक्यातली भीती मात्र अजून तिकडचीच आहे. समोर आलंच तर नक्की काय करायचं, कोणी सांगाल का? शाळेतल्या गोष्टीतल्या मित्रासारखं श्वास रोखून पडून राहायचं?

वैशाली

---

प्रेषक: नाना

वैशाली, पडून मुळीच राहायचं नाही. तो मित्र गोष्टीतला होता म्हणून वाचला.

पळायचं नाही, पाठ फिरवायची नाही. मुलांना जवळ घ्यायचं, सगळ्यांनी एकत्र उभं राहायचं. कॅम्पमध्ये आलं तर लांबूनच जमेल तितकं मोठ्याने ओरडायचं, गणपतीच्या मिरवणुकीचा सराव समजा. त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवा, चहूबाजूंनी घेरू नका. वाटेवर दिसलं तर किमान पन्नास यार्ड अंतर ठेवून मुकाट्याने बघा. पिल्लू दिसलं तर आई जवळपास आहेच, मध्ये जाऊ नका. काळं अस्वल अंगावर येणं दुर्मीळ आहे, पण आलंच तर हातात असेल त्याने प्रतिकार करायचा.

आणि गाडी हळू चालवा. व्हॅलीतल्या रस्त्यावर लाल अस्वलाच्या पाट्या दिसतील. त्या जागी गाडीने अस्वलाला धडक दिलेली असते. १९९५ पासून अशी चारशेहून जास्त अस्वलं झाली.

नाना

---

प्रेषक: ओंकार

काका, स्प्रे परत केला. कॅनिस्टर आणून बघितला, पाच जणांचा चिवडा त्यात मावत नाही. निम्मा फराळ रद्द, त्याऐवजी सुका मेवा आणि गूळपोळ्या दाबून भरतोय. चिवड्यात मुळात हवाच जास्त असते, हे शोधायला मला अस्वल लागलं.

ओंकार

---

प्रेषक: शिल्पा (सहल समिती)

सगळ्यांचे आभार. सुधारित बेत असा:

प्रत्येक साईटला एकच लॉकर आहे. माप ३३ इंच खोल, ४५ रुंद, १८ उंच. मी स्वयंपाकघराच्या फरशीवर टेप लावून तेवढा चौकोन आखला आणि आपलं सामान त्यात रचून पाहिलं. मंडळाचा मोठा कूलर उभा राहत नाही आणि गणपतीतलं पातेलंही जात नाही. त्यामुळे मसालेभात रद्द, घरून तयार गूळपोळ्या आणि दशम्या. फराळ चार घरांतून चार डबे, चौकोनी. गोल डबे जागा खातात. खरकटं पाणी तंबूजवळ ओतायचं नाही, गाळून ठरलेल्या जागीच. रात्री नऊला लॉकर बंद करून कडी बघायची जबाबदारी वैशाली आणि तिच्या मुलाची.

कुकरचं तेवढं अडलंय. माझा मोठा आहे.

शिल्पा

---

प्रेषक: नाना

माझा पाच लिटरचा घेऊन येतो, मापात बसतो. भात सातच्या आत लावा. दहानंतर तिथे शांतता पाळायची असते, शिट्टी चालणार नाही.

लाडू या वेळी ही करणार आहे. डबा तिच्याच ताब्यात राहील असं तिने कळवायला सांगितलंय.

नाना