मदत हवी आहे : दोन आम्लांचे पीएच वेगळे, मग सोडियम हायड्रॉक्साइड दोघांना सारखंच कसं लागलं?

फोंडेकरीण

नमस्कार मंडळी. लेक दहावीत आहे. शाळेच्या प्रयोगशाळेत बाईंनी दोन बाटल्या दाखवल्या: एकीत हायड्रोक्लोरिक आम्ल, दुसरीत ॲसेटिक आम्ल (म्हणजे आपल्या व्हिनेगरमधलं). दोन्हींची संहती (एका लिटरमध्ये किती आम्ल ते) लेबलवर ०.१ मोलर. पीएच मीटरवर पहिल्याचा १ आला, दुसऱ्याचा २.९. इथवर ठीक आहे. एक तीव्र आम्ल, दुसरं सौम्य, असं पुस्तकातही आहे.

पुढे दोन्हींचे २५-२५ मिली घेऊन त्यात फिनॉल्फ्थॅलिनचे (आम्ल संपलं की गुलाबी होणाऱ्या दर्शकाचे) थेंब टाकले आणि ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या नळीतून, ०.१ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड ही आम्लारी सोडली. गुलाबी रंग यायला दोघांनाही २५ मिलीच लागलं!

लेकीचा मुद्दा मला पटतोय, म्हणूनच पंचाईत झालीय. ती म्हणते, पीएच १ ने वाढला म्हणजे हायड्रोजन आयन दहापट कमी. मग १.९ चा फरक म्हणजे जवळजवळ ऐंशीपट कमी. ज्याच्यात आयनच ऐंशीपट कमी, त्याला मारायला ऐंशीपट कमी सोडियम हायड्रॉक्साइड पुरायला हवं. तसं का झालं नाही? बाईंना विचारलं, पण तास संपला होता.

जोडीला एक घरगुती प्रश्न. सोलं (आमसुलं) भिजवलेल्या पाण्यात खायचा सोडा घातला. फेस आला, लाल रंग जांभळट झाला, मग मळकट निळसर. त्यानंतर चमच्यावर चमचा सोडा घातला तरी पीएच कागदाचा रंग ८ च्या आसपासच अडकून राहिला. जास्त सोडा म्हणजे जास्त पीएच, असं नको का?

थोडं गणित चालेल. बारावीपर्यंत विज्ञान होतं, पुढे संसारात सगळं विरघळलं.

कट्ट्यावरचा

ताई, सोपं आहे. व्हिनेगर पातळ असतं, त्यात पाणीच जास्त. म्हणून पीएच जास्त येतो.

फोंडेकरीण

पण दोन्ही ०.१ मोलर होती ना हो? पाणी दोघांत सारखंच.

निवृत्त मास्तर

कट्ट्यावरचे, संहत-विरल ही एक गोष्ट आणि तीव्र-सौम्य ही दुसरी. पाणी किती घातलंय यावर आम्ल संहत की विरल ते ठरतं. तीव्र की सौम्य हे त्या रेणूच्या स्वभावात असतं, पाणी ओतून ते बदलत नाही. हायड्रोक्लोरिक आम्ल कितीही विरल केलं तरी तीव्रच. मडगावला वर्षानुवर्षं रसायनशास्त्र शिकवलं, पेपर तपासताना हाच गोंधळ सगळ्यांत जास्त दिसायचा.

आता ताईंचा प्रश्न. मुलीचा हिशेब चुकलेला नाही, आयन खरंच ७५-८० पट कमी आहेत. फक्त तिने एक गोष्ट धरून ठेवलीय, की सोडियम हायड्रॉक्साइड सुट्या आयनांशीच भिडतं आणि तेवढे संपले की काम संपलं.

पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे जवळपास सगळे रेणू फुटतात. ॲसेटिक आम्लाच्या १००० रेणूंपैकी ०.१ मोलर द्रावणात कुठल्याही क्षणी साधारण १३ च फुटलेले असतात. उरलेले ९८७ आपला हायड्रोजन धरून बसलेले. मीटरला दिसतात ते हे १३. चवथीला घर भरलेलं असावं आणि आपण अंगणातली माणसं मोजून पाहुण्यांचा आकडा सांगावा, तसं मीटरचं आहे. सोडियम हायड्रॉक्साइड अंगणातल्या एकाला घेऊन गेलं की आतून दुसरा बाहेर येतो. फुटणं आणि परत जुळणं सतत दोन्ही बाजूंनी चालू असतं, त्यामुळे एका बाजूचे आयन काढून घेतले की तोल राखायला आणखी रेणू फुटतात. असं करत शेवटचा रेणू फुटेपर्यंत सोडियम हायड्रॉक्साइड लागत राहतं. २५ मिलीत एकूण रेणू दोन्हीकडे सारखेच, म्हणून खर्चही सारखा.

म्हणजे पीएच सांगतो या क्षणी मोकळं किती आहे ते. आम्ल एकूण किती, हे अनुमापनच (बाईंनी ब्युरेटने केलं ते, टायट्रेशन) सांगतं.

तुमच्या बाईंनी फिनॉल्फ्थॅलिन घेतलं हे उत्तम केलं. ते ८.२ ते १० च्या दरम्यान रंग बदलतं. ॲसेटिक आम्ल पुरतं संपतं तेव्हा द्रावण ७ वर नसतं, ८.७ च्या आसपास असतं, कारण मागे उरणारा ॲसिटेट आयन स्वतःच किंचित आम्लारीधर्मी. मिथिल ऑरेंज हा दुसरा दर्शक ३.१ ते ४.४ ला बदलतो. तो घेतला असता तर सोडियम हायड्रॉक्साइडचा तिसरा हिस्साही पडतो न पडतो तोच रंग पालटला असता, आणि मुलीला आपलाच अंदाज खरा वाटला असता.

फोंडेकरीण

मास्तर, अंगणाचं तिला एकदम कळलं. पण तिचा पुढचा प्रश्न हजर: शेवट सारखाच होणार असेल तर तीव्र-सौम्य म्हणण्यात अर्थ काय? फरक दिसतो कुठे?

निवृत्त मास्तर

वाटेत दिसतो. तिला सांगा, १२.५ मिली सोडून थांब आणि पीएच बघ. हायड्रोक्लोरिकचा १.५ च्या आसपास असेल. ॲसेटिकचा येईल ४.७ ते ४.८. अर्ध्यावर येणारा हा आकडा त्या आम्लाची ओळख असते, द्रावण थोडं विरल केलं तरी फारसा हलत नाही. शिवाय त्या टप्प्यावर थोडं आम्ल किंवा थोडी आम्लारी घातली तरी पीएच जागचा ढळत नाही. रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ मध्ये राहतो तोही अशाच व्यवस्थेमुळे. तिथे कार्बोनिक आम्ल आणि बायकार्बोनेटची जोडी काम करते.

यातच तुमच्या खायच्या सोड्याचं उत्तर आहे. बायकार्बोनेट आयन हायड्रोजन घेऊही शकतो आणि देऊही शकतो. या ओढाताणीत त्याचं द्रावण ८.३ च्या आसपास स्थिरावतं, मग चमचा एक घाला की पाच. सोलांतलं आम्ल (मुख्यतः हायड्रॉक्सिसायट्रिक) संपल्यावर पाण्यात उरतं ते सोड्याचंच द्रावण. कागदाचा रंग पुढे सरकवायचा असेल तर ते पाणी उकळा. कार्बन डायऑक्साइड निघून जातो, बायकार्बोनेटचं कार्बोनेट होत जातं आणि पीएच चढतो. धुण्याच्या सोड्यात तेच कार्बोनेट असतं, म्हणून त्याचं पाणी हाताला झोंबतं. सोलांचा रंग ज्या अँथोसायनिनमुळे येतो, ते फार आम्लारीधर्मी पाण्यात टिकत नाही, तेव्हा उकळल्यावर निळा गेला तर घाबरू नका.

घरी अनुमापन करायचंच तर सुरेचं (माडाच्या ताडीचं) व्हिनेगर घ्या. ४ टक्क्यांचं असेल तर १०० मिलीत ४ ग्रॅम ॲसेटिक आम्ल, त्याला सुमारे ५.६ ग्रॅम खायचा सोडा लागतो. फेस थांबेपर्यंत चिमटीचिमटीने घालायचा. फरशी धुवायचं ॲसिड मात्र मुलीच्या हाती देऊ नका, आणि ते ब्लीचमध्ये तर कधीच मिसळू नका, क्लोरीन वायू सुटतो.

सत्तरीकर

धाग्यात घुसतोय, माफी. कुळागराच्या (माझ्या सुपारीच्या बागेच्या) मातीचा पीएच ५.२ आला. ओढ्याकाठच्या शेजाऱ्याचाही ५.२ च. पण कृषी खात्याच्या माणसाने मला चुना त्याच्या दुप्पट सांगितला. मी मनात म्हटलं, याला काही कळत नाही. वरचं वाचून शंका येतेय की त्याला कळत असावं. माझी माती चिकण, पालापाचोळा भरपूर. त्याची रेताड.

निवृत्त मास्तर

त्याला चांगलंच कळतं. मातीच्या पाण्यात जे सुटं आहे तेवढंच पीएचमध्ये उतरतं. चिकणमातीच्या आणि कुजलेल्या पाल्याच्या कणांना हायड्रोजन आणि ॲल्युमिनियम चिकटून बसलेलं असतं. चुना टाकलात की ते हळूहळू सुटत जातं. रेतीत असा साठा नसतोच जवळपास. म्हणून चुन्याचा डोस नुसत्या पीएचवरून काढत नाहीत, माती कशी आहे तेही बघतात.

खाजनांत (खाडीकाठच्या बांध घातलेल्या सखल शेतांत) तर याहून गंमत. पाण्याखाली चिखल बरा असतो. मानस (बांधातलं पाण्याचं दार) नीट चालली नाही आणि जमीन सुकून भेगाळली, की चिखलातल्या लोह-गंधकाच्या खनिजाला हवा लागते आणि सल्फ्युरिक आम्ल तयार होतं. ओल्या चिखलाचा पीएच बघून तिथे चुन्याचा हिशेब कराल तर फसाल.

सत्तरीकर

धन्यवाद मास्तर. मग चुना सगळा एकदम टाकू की दोन हप्त्यांत?

निवृत्त मास्तर

दोन हप्त्यांत, आणि मातीत मिसळून. वर नुसता पसरलात तर वरच्या थरातच राहील. शेणखत आणि चुना एकाच दिवशी नको, अमोनिया उडून नत्र वाया जातं.

फोंडेकरीण

लेक शनिवारी अर्ध्यावर थांबून पीएच मोजणार आहे, बाईंची परवानगी मिळाली. मास्तर, ४.७ नाही आला तर इथेच येऊन विचारते.

निवृत्त मास्तर

या. आधी मीटर बफर द्रावणावर (ज्याचा पीएच आधीच ठाऊक असतो) लावून घेतलाय का ते बघा. शाळेतले मीटर बहुतेकदा त्याशिवायच चालवतात.