मदत हवी आहे: कर्जतला राजनाला कालवा / पेज नदीच्या कडेने गाड्या नसलेला कच्चा रस्ता, सोबत १२ वर्षांची मुलगी

नमस्कार मंडळी, इथे सायकलवाले बरेच आहेत म्हणून विचारते. मी मुलुंडला राहते, लॉकडाऊनमध्ये सायकल घेतली, तेव्हापासून शनिवार-रविवार पहाटे निघायचं, कधी ऐरोली, कधी येऊर, कधी घोडबंदर रोडने गायमुखपर्यंत असं चाललेलं. गेल्या वर्षी घोडबंदरलाच पहाटे साडेपाचला एक डंपर इतका जवळून गेला की हँडल हललं आणि मी डाव्या हातावर पडले. मनगट मोडलं, सहा आठवडे प्लास्टर. मुलगी तेव्हा माझ्या मागेच होती, तिने सगळं पाहिलं.

मनगट बरं झालं, फिजिओ पण झाली, पण मागून हॉर्न आला की माझे दोन्ही हात ब्रेकवर जातात आणि खांदे आवळतात, सोसायटीच्या बाहेरच्या रस्त्यावर सुद्धा. मुलीने तर सायकलला हातच लावला नव्हता. परवा तीच म्हणाली की आई जिथे एक पण गाडी येत नाही असा रस्ता शोध, मग मी येते. तो रस्ता मला शोधायचाच आहे.

माझ्या आत्याचं सासर कर्जत तालुक्यात, स्टेशनपासून पूर्वेला. लहानपणी मे महिन्यात आम्ही तिथे जायचो तेव्हा सगळीकडे रान वाळलेलं असायचं आणि तिच्या गावात मात्र हिरवीगार भातशेती, मला वाटायचं सगळ्याच गावांत उन्हाळ्यात भात होतो. आतोबा मला पाटाच्या बांधावर घेऊन जायचे, त्या पाटाला तिथे राजनाला म्हणतात, आणि सांगायचे हे पाणी डोंगरापलीकडचं आहे. ते शब्दशः खरं आहे हे मला मोठी झाल्यावर कळलं. मावळात आंद्रा नदीवर ठोकळवाडीचं धरण आहे, ते पाणी एरवी इंद्रायणी, भीमा, कृष्णा असं करत बंगालच्या उपसागराला गेलं असतं, ते सह्याद्रीवरून खाली आणून भिवपुरीला टाटांचं वीजघर चालवतात, १९२२ पासून. वीज करून झाली की तेच पाणी पेज नदीत येतं, म्हणून पेज उन्हाळ्यात पण वाहती, आणि त्यातूनच राजनाल्याला पाणी मिळून दुबार भात होतो. पुढे पेज उल्हासला मिळते आणि तेच पाणी बदलापूर, कल्याण-डोंबिवलीच्या नळांना जातं. मला हे सगळं मुलीला तिथे उभं राहून दाखवायचंय, नकाशावर नाही.

आत्याला फोन केला तर ती म्हणाली, अगं मग नाल्यावरूनच चालवा की, तिथं कशाला गाडी येतेय, कधीतरी कुणाचा ट्रॅक्टर नाहीतर मोटारसायकल. पण ती स्वतः तिच्या शेतापलीकडे फारशी गेलेली नाही आणि आतोबा आता नाहीत. मी उपग्रहाचा नकाशा मोठा करून बघितला, कालव्याच्या एका अंगाला मुरमाची वाट दिसते, मध्येच झाडीत जाते, मध्येच शेताचा बांध असल्यासारखी दिसते, तिथे सायकल चालते की उचलून न्यावी लागते ते कळत नाही.

तर वदप, गौरकामत, वैजनाथ या बाजूला कालव्याच्या कडेने कुणी सायकल चालवलीय का किंवा चालत तरी गेलाय का? सलग किती किलोमीटर होतं? आम्हाला जाऊन-येऊन २० ते २५ पुरे, त्यात मधले थांबे आलेच. मोऱ्यांवर आणि गेटांपाशी वाट अरुंद होते का, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला खोल भराव असं आहे का, कारण पोरगी मोकळा रस्ता दिसला की वेग घेते. आणि पाटबंधारे खात्याची वाट म्हटल्यावर परवानगी लागते का, लागत असेल तर कर्जतला कुठे विचारायचं?

शहापूर-मुरबाड-कर्जत-खोपोली रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग झालाय, तिथे अवजड गाड्या असणार, त्यामुळे तो मला एका ठिकाणी ओलांडायला चालेल पण त्यावरून चालवायचं नाहीये. कृपया "पहाटे रिकामा असतो" असं सांगू नका, मी पडले तेव्हा पण पहाटच होती.

सायकलींचं सांगते. माझी हायब्रिड (रोड आणि डोंगरी सायकलच्या मधली) आहे, टायर ७०० बाय ३८, डिस्क ब्रेक, सस्पेन्शन नाही. मुलीची २४ इंची एमटीबी म्हणजे डोंगरी सायकल, तिचे टायर जाडच आहेत. डांबरी रस्त्यावर मी टायरमध्ये हवेचा दाब ६५ पीएसआय ठेवायचे, मुरमावर हवा कमी ठेवली की टायर दगडावर उड्या मारत नाही आणि पकड येते हे माहितीय, पण माझं वजन ६१ किलो आहे आणि टायरमध्ये ट्यूब आहे, ट्यूबलेस नाही, तर फार कमी केली की खडीवर रिमचा दणका बसून ट्यूबला दोन भोकं पडतात. ४० ठेवू का ४५? दुखऱ्या मनगटाला हादरे कमी बसतील हा पण विचार आहे, ज्यांचं मनगट मोडलेलं आहे त्यांनी हँडलला काय केलं ते जरूर सांगा. बाभळीचे काटे किती असतात तिकडे? ट्यूबमध्ये सीलंट (भोक आपोआप बुजवणारं द्रव) आधीच भरून घ्यावं का?

जायचं लोकलने आहे. रविवारी पहाटेची कर्जत लोकल, चाकं काढून सायकली बॅगेत घालून लगेजच्या डब्यात, असं डोक्यात आहे. असं प्रत्यक्ष कुणी केलंय का, तिकीट वेगळं काढलंत का, येताना संध्याकाळी डब्यात जागा मिळते का? टेम्पोने नेणं परवडतं पण मुलीला ट्रेननेच जायचंय.

वाढीव: तिघांनी व्यनि (खाजगी निरोप) करून कोलाडला जा म्हणून सांगितलं, मनापासून आभार. तिथल्या कुंडलिका नदीचं पण असंच आहे ना, भिऱ्याच्या वीजघरातून पाणी सुटतं म्हणून ती वर्षभर वाहते आणि डोलवहाळच्या बंधाऱ्यावरून कालवे निघतात. तिथली कालव्याची वाट जास्त रुंद आहे असं एकाने लिहिलंय, ते ऐकून मोह झाला, पण मुलुंडहून दोन सायकली घेऊन एका दिवसात नाही जमणार आणि तिथे आत्या नाही. कोलाड नंतर नक्की. तानसाच्या पाइपलाइनलगतचा रस्ता पण एकाने सुचवला, तिथे पाइपलाइनच्या देखभालीच्या गाड्या असतात का हे कळलं तर बरं होईल.

आणखी एकाने लिहिलं की पेजेच्या पात्रात सायकल घालून फोटो काढा. ते मी करणार नाही आणि कुणी करू पण नका. वीजघर सुरू झालं की वरून पाणी येतं, पाऊस नसताना नदी वाढते, आत्याच्या गावात लहान पोरांना पहिलं हेच शिकवतात. आम्ही काठावरून बघू.

पाऊस जाऊन माती वाळलीय, भात कापून झालाय, काही शेतांत वाल पेरलाय असं आत्या म्हणाली. उन्हाळी भाताची लावणी सुरू झाली की बांधावर माणसं आणि बैल असतात, त्यांच्या कामात आपण मध्ये यायला नको, म्हणून त्याआधीचा एखादा रविवार बघतेय. वालाला शेंगा आल्या की पोपटी (मडक्यात भाजलेल्या वालाच्या शेंगा) लावू असं तिने मुलीला फोनवर कबूल करून टाकलंय, ती तर दुसरी खेप होईल. पण पहिल्या खेपेला निदान वाट कुठून सुरू करायची, स्टेशनवरून वदपच्या दिशेने की वरून वैजनाथकडून, एवढं तरी कुणीतरी सांगा.