मदत हवी आहे: रेसिंगसाठी पहिली गाडी, एस्टीम की जुनी स्विफ्ट?

नमस्कार मंडळी. मी दारव्ह्याजवळचा, जिल्हा यवतमाळ. ऑटोक्रॉसमध्ये (मोकळ्या मैदानात आखलेल्या वाटेवर एकेक गाडी वेळ लावून पळवायची शर्यत) उतरायचं आहे, जमलं तर पुढे कोइंबतूरच्या करी रेस ट्रॅकवर. मोटरस्पोर्ट फेडरेशनचं लायसन्स काढूनच, गावच्या रस्त्यावर गाडी पळवायची नाही.

कापसाच्या पैशातून सगळं मिळून अडीच लाख बाजूला काढलेत. त्यातले निम्मेच गाडीत घालणार, बाकी टायर, ब्रेक पॅड, हेल्मेट आणि दुरुस्तीला.

मन मारुती एस्टीमवर आहे. १.३ लिटरचं इंजिन, वजन ९०० किलोच्या आत आणि आपल्याकडे वर्षानुवर्षं रेसिंगमध्ये वापरलेली, म्हणजे तिच्या खोडी ओळखणारे मिस्त्री अजून सापडतील. भीती वयाची वाटते. १५ वर्षं केव्हाच उलटली, फिटनेस करून नोंदणी वाढवावी लागेल, आणि खालचा पत्रा कुजलेला निघाला तर रोल केज (गाडी उलटली तर आतल्याला वाचवणारा लोखंडी सांगाडा) कशाला जोडणार?

दुसरी २०१० च्या आधीची पेट्रोल स्विफ्ट. इंजिन त्याच घराण्यातलं, वजन जास्त, पण पार्ट यवतमाळातही मिळतात. होंडा सिटी व्हीटेकही आवडते, पण ती सांभाळणारा मिस्त्री जवळपास नाही.

जाणकार दादांनो, ताईंनो, नवख्यानं यातली कोणती घ्यावी? एस्टीम बघताना खालून नेमकं कुठे ठोकून पाहायचं? आणि नागपूर-अमरावतीकडचं कुणी ऑटोक्रॉस खेळत असेल तर गाडी बघायला सोबत याल का? जाण्यायेण्याचा खर्च माझा.