शाळेतील दंतसेवा : शिबिर घ्यावे की एकाच शाळेत वारंवार जावे?

कोथरूडकर : मी दंतवैद्य असून कोथरूडमध्ये माझा दवाखाना आहे. रविवारचा दिवस राजगड (पूर्वीच्या वेल्हे) तालुक्यातील जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी विनामूल्य द्यावा, असे मनात आहे. एका मंडळाने शिबिर सुचवले आहे. परंतु दिवसभरात शेकडो मुलांचे दात पाहून, टूथपेस्ट वाटून आणि फ्लेक्ससमोर फोटो काढून परतल्यावर किडलेल्या दाढांचे पुढे काय होणार, हे मला उमगत नाही. खुर्ची आणि ड्रिल तिकडे नेणे शक्य नाही. अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

निवृत्त दंतवैद्य : एकच शाळा धरा आणि तिथेच जात राहा. बाक, उशी आणि कपाळावरचा दिवा एवढ्यावर भागते. 1980च्या दशकात टांझानियात विकसित झालेल्या 'एआरटी' (अ‍ॅट्रॉमॅटिक रिस्टोरेटिव्ह ट्रीटमेंट) पद्धतीत मऊ झालेली कीड हातातील अवजारांनी खरवडून खड्ड्यात ग्लास आयोनोमर सिमेंट भरतात. त्याला वीज लागत नाही आणि बहुधा भूलही द्यावी लागत नाही. प्रथम पाहायची ती सहाव्या वर्षाच्या सुमारास येणारी दाढ. दुधाचा एकही दात न पाडता ती मागच्या बाजूला गुपचूप उगवते, त्यामुळे पालक तिलाही दुधाचीच समजतात आणि 'पडेल की आपोआप' म्हणून सोडून देतात. कीड थांबवणारे सिल्व्हर डायमीन फ्लोराइड हे औषध लावणार असाल, तर किडलेला भाग कायमचा काळा पडतो हे पालकांना आधी फोटो दाखवून सांगा. नाहीतर डॉक्टरने चांगला दात काळा केला, अशी बोंब गावभर होते! अवजारांचे ऑटोक्लेव्ह केलेले (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक केलेले) पाकीटबंद संच जितके असतील, तितकीच मुले त्या दिवशी घ्यावीत. दात मात्र शाळेत काढू नयेत, कारण संध्याकाळी रक्त वाहू लागले, तर आपण तोवर पुण्यात पोहोचलेले असतो.

पानशेतकडची शिक्षिका : रविवारी शाळा बंद असते, हे डॉक्टरांच्या लक्षात आलेले दिसत नाही. शनिवारी आमची सकाळची शाळा असते, तेव्हा या. संमतिपत्रे आठवडाभर आधी पाठवा, कारण पुष्कळ मुलांचे आईवडील कामासाठी शहरात आणि मुले आजीपाशी असतात. आजीलाही बोलवा. ती रोज सकाळी चुलीपाशी बसून मिशरी लावते आणि शेजारी बसलेली नातही बोट त्याच डबीत घालते. मुलांना ब्रश वाटून हे थांबत नाही. मिशरी म्हणजे भाजलेली तंबाखूच, हे आजीला शिक्षिकेने सांगण्यापेक्षा डॉक्टरांनी तिचे तोंड तपासता तपासता सांगितलेले अधिक पटते.

कोथरूडकर : दोघांचेही आभार. शनिवारी सकाळचे रुग्ण संध्याकाळी घेण्याची व्यवस्था करतो आणि मुख्याध्यापकांना पत्र लिहितो. मंडळालाही टूथपेस्ट व फ्लेक्सऐवजी सिमेंटचा खर्च उचलण्याची विनंती करणार आहे. ते तयार होतात का, पाहू.